पिनच्या पुढचा पत्ता

सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी पार्सल मागवताना पत्त्यात 'जवळची खूण' असा एक रकाना येतो. तिथे मी वर्षानुवर्षं 'रवळनाथाच्या देवळामागे' असं लिहीत आलो आहे. देवळामागे म्हणजे कुठे, हे गावात कुणी विचारत नाही. पाणंदीने वर चढायचं, दुसरा गडगा ओलांडला की फणस, आणि फणसाच्या बुडाशी आमचं खळं. एका खासगी कुरियरचा मुलगा मात्र दोनदा देवळापर्यंत येऊन, मोटरसायकलवरून न उतरता 'ग्राहक जागेवर नाही' असा शेरा मारून परत गेला. शेवटी तालुक्याला जाऊन पार्सल मीच उचललं. त्याच आठवड्यात पोस्टाने आलेलं पुस्तक निमूट ओटीवर येऊन पडलं होतं. त्यावर तर देवळाचाही उल्लेख नव्हता. नाव, गाव आणि पिन, एवढंच.

पोस्टात या कामाला जुना शब्द आहे, बटवडा. हजार किलोमीटर आलेली थैली शाखा डाकघरात फुटते आणि तिथून दारापर्यंत जे काही होतं ते सगळं बटवड्यात येतं. मालवाहतुकीच्या धंद्यात हल्ली याला 'लास्ट माइल' म्हणतात आणि सगळ्या प्रवासातला सगळ्यात महाग तुकडा हाच असतो. दिल्ली-मुंबई अंतर ट्रक एका दमात तोडतो, कारण त्यात हजारो पार्सलं असतात. वाडीवरच्या एका घरासाठी एक माणूस, एक पार्सल आणि एक चढ.

पिन कोडचा जन्म याच दुखण्यातून झाला, पण एक पायरी वर. एकाच नावाची गावं देशभर विखुरलेली आणि पत्ते लिहिणारे हात दहा लिप्यांचे. त्यावर उपाय काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी, जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, आणि संस्कृतात नाटकं-काव्यं लिहिणारा माणूस. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा: आपला ४, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि आता छत्तीसगड. पहिले तीन आकडे मिळून टपाल कुठल्या जिल्ह्यात वर्गायचं ते सांगतात, शेवटचे तीन बटवडा करणारं ऑफिस. ९ ने सुरू होणारे पिन लष्कराचे. सहा आकड्यांत एवढा देश बसवायचा, तोही वाचणाऱ्याला लिपी न कळता, हे काम मला सूत्रकाराचंच वाटतं.

पण पिन दारापर्यंत जात नाही, आणि वेलणकरांचा तसा दावाही नव्हता. देशात पोस्ट ऑफिसं सुमारे १ लाख ६४ हजार, त्यातली दहातली नऊ खेड्यांत. पिन मात्र जेमतेम १९ हजार. म्हणजे एका पिनखाली सरासरी आठ-नऊ ऑफिसं, आणि प्रत्येकाखाली किती वाड्या ते ज्याचं त्याला ठाऊक. पिन टपाल एका जाणत्या माणसाच्या हाती सोपवून थांबतो. तो माणूस म्हणजे ग्रामीण डाकसेवक. पाकिटावर 'अनंत गणपत' असेल तर ते बाबल्याकडे द्यायचं आणि बाबल्या सध्या सासुरवाडीला आहे, हे त्याला माहीत असतं. मुंबईच्या गिरण्यांतून चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी याच वाटेने घरोघर आल्या. 'पोस्टमन आला' म्हणजे पैसे आले, असं समजणारी अख्खी पिढी आमच्याकडे होती.

या माणसाच्या हातात पहिलं यंत्र आलं ते 'दर्पण' योजनेत. डिसेंबर २०१७ मध्ये ती सुरू झाली आणि शाखा डाकघरांना सिमकार्डवर चालणारं, सौरऊर्जेवर चार्ज होणारं हातातलं यंत्र मिळालं. वहीतली नोंद यंत्रात गेली, पावती लगेच छापून मिळू लागली. पुढे यंत्राची जागा मोबाइलने घेतली. २०२५ च्या ऑगस्टपर्यंत देशभरातली ऑफिसं नव्या प्रणालीवर आली. ही प्रणाली बाहेरून विकत घेतलेली नाही. टपालखात्याच्याच मैसूरमधल्या तंत्रज्ञान केंद्राने ती बांधली. तिच्यात पार्सल देताना ओटीपी मागायची सोय आहे. शहरात हे ठीक. आमच्याकडे आजी खळ्यात, पार्सलवर नंबर मुंबईच्या मुलाचा, ओटीपी गेला परळला. मग मुलाला फोन, आणि फोनसाठी रेंज गावच्या चिंचेच्या पारावर. डाकसेवक, आजी आणि पार्सल, तिघं पारापर्यंत चालत गेलेली मी पाहिली आहेत.

तरी या यंत्रांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही, कारण जाणता माणूस कायमचा नसतो. डाकसेवकाने त्याच हद्दीत राहायचं हा नियम आहे, पण निवड होते ऑनलाइन, दहावीच्या गुणांवर. त्यामुळे परजिल्ह्यातला मुलगा नेमणूक घेऊन येतो आणि खोली भाड्याने घेतो. त्याच्यासाठी रवळनाथाचं देऊळ हे फक्त देऊळ असतं, त्याला पुढे-मागे नसतं. जुना डाकसेवक निवृत्त झाला की वाड्यांचा सगळा नकाशा त्याच्या डोक्यातून त्याच्याच घरी जातो.

हा नकाशा आता जमिनीवरच आखायचा प्रयत्न चालू आहे. त्याचं नाव डिजिपिन. हैदराबादची आयआयटी आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साथीने टपालखात्याने तो तयार केला, आणि मे २०२५ पासून तो कुणालाही संकेतस्थळावर शोधता येतो. त्याचं गणित शाळकरी मुलाला समजेल असं आहे. देशाभोवती अक्षांश-रेखांशांचा ३६ अंशांचा एक चौकोन कल्पायचा. त्याचे उभे चार आणि आडवे चार असे सोळा भाग करायचे आणि प्रत्येकाला एक चिन्ह द्यायचं: २ ते ९ हे आकडे आणि सी, एफ, जे, के, एल, एम, पी, टी ही अक्षरं. आपण ज्या भागात आहोत त्याचे पुन्हा सोळा. असं दहा वेळा. पहिलं चिन्ह हजारेक किलोमीटरचा चौकोन सांगतं, सहाव्यापर्यंत आपण किलोमीटरभरात येतो, आणि दहाव्याला उरतो साधारण चार मीटरचा तुकडा. आमच्या खळ्याला असे अनेक डिजिपिन आहेत, फणसाला वेगळा. इंटरनेट नसलं तरी हा हिशेब मोबाइलला करता येतो, आणि त्यात कुणाचं नाव-गाव साठवलेलं नसतं. उंची तेवढी त्यात नाही. दादरच्या चाळीत तळमजल्याचा आणि त्याच्या डोक्यावरच्या तिसऱ्या मजल्याचा डिजिपिन एकच.

जिथे वाटच अवघड आहे तिथे टपालखातं आकाशातून जाऊन पाहतंय. मे २०२२ मध्ये कच्छमधल्या हबाय गावातून नेरपर्यंत ड्रोनने ४६ किलोमीटर अंतर २५ मिनिटांत तोडून पार्सल पोचवलं. मे २०२५ मध्ये तोच प्रयोग कर्जत ते माथेरान झाला: ९.८ किलोचं ओझं, सुमारे १५ मिनिटं. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात हे माहीत असणाऱ्याला त्या पंधरा मिनिटांची किंमत कळेल. मात्र ड्रोन जातो तो एका पोस्टाकडून दुसऱ्या पोस्टाकडे. बटवडा उरतोच.

गेल्या पावसात आमच्याकडचा नवा डाकसेवक, वय तेवीस-चोवीस, पलीकडच्या वाडीसाठी एक पार्सल घेऊन आमच्या खळ्यात थांबला होता. त्याला दाखवायला म्हणून मी त्या घराचा डिजिपिन काढला आणि नकाशावर टाकला. अंतर आलं दीडशे मीटर. बाण सरळ व्हाळावरून जात होता, आणि व्हाळ दोन्ही काठ भरून वाहत होता. 'साकव कुठे आहे हो काका?' त्याने विचारलं. मी वरच्या बाजूला हात केला, मळ्यातून, शाळेला वळसा घालून, अर्धा तास. त्याने मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधला, पार्सल रेनकोटच्या आत घेतलं आणि पाणंदीला लागला.