व्हर्दीचीं पत्रें

इटलीचा विख्यात ऑपेरा-रचनाकार जुझेप्पे व्हर्दी (१८१३–१९०१) आपल्या पत्रांचे मसुदे वह्यांत उतरवून ठेवीत असे. त्या वह्या १९१३ सालीं मिलान येथें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्या. धंद्याच्या पत्रव्यवहाराशेजारीं त्यांत १८५२ च्या जानेवारींतील एक घरगुती पत्र आहे. तें अंतोनिओ बारेत्सी यांस, म्हणजे व्हर्दीच्या शिक्षणास द्रव्यसाहाय्य करणाऱ्या आणि दिवंगत पत्नीच्या वडिलांस लिहिलेलें.

गायिका जुझेप्पिना स्त्रेप्पोनी हिच्यासह विवाहावांचून राहिल्याबद्दल त्यांनीं ठपका दिला होता. व्हर्दीनें त्यांचे उपकार मुक्तकंठानें मान्य केले. परंतु घरांतील वर्तनाचा जाब कोणासही देण्यास तो बांधला नाहीं, असें निक्षून कळविलें. पुढें १८५९ त त्या दोघांचा विवाह झाला आणि १८६७ त बारेत्सींच्या अंतकाळीं तीं दोघेंही त्यांच्या उशाशीं होतीं. स्पष्टोक्तीनें स्नेह तुटला नाहीं.