पडदा काळा झाला, हिशेब नाही

आज लॅपटॉपच्या पडद्याबद्दल बोलायचं आहे. बऱ्याच गटांचा आणि ग्रामसंघांचा हिशेब आता वहीबरोबर लॅपटॉपवरही असतो. बचत, कर्जाचे हप्ते, इंद्रायणी तांदळाची विक्री, बँकेला द्यायचे कागद, सगळं त्यात. आणि एक दिवस बटण दाबलं तरी पडदा काळाच राहतो. पोटात गोळा येतो. मग कोणीतरी तो पिशवीत घालून एसटीनं पुण्याला नेतं आणि तिथं ऐकायला मिळतं, "मदरबोर्ड गेलाय ताई, आता नवीनच घ्या." कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा बिघाड लहान असतो, आणि खरं काय ते ठरवायला आपल्या हातात काहीच नसतं. म्हणून आज दुरुस्ती शिकायची नाही, बिघाड कुठं आहे ते ओळखायला शिकायचं. एकही स्क्रू उघडायचा नाही.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हिशेब पडद्यात नसतो. तो आत हार्डडिस्कवर किंवा एसएसडीवर असतो. घरातला टीव्ही फुटला म्हणून मालिका थांबत नाही, तसंच हे.

आता चित्र पडद्यापर्यंत येतं कसं? गावाची नळपाणी योजना डोळ्यांसमोर आणा. नळाला पाणी नाही म्हणून विहीर आटली असं आपण लगेच म्हणत नाही. मोटर चालू आहे का, टाकी भरली का, पाइप कुठं फुटलाय का, हे बघतो. लॅपटॉपमध्ये चार्जर आणि बॅटरीतून वीज येते. मदरबोर्डवर चित्र तयार होतं. तिथून एक बारीक केबल बिजागरीतून वर झाकणात जाते आणि पॅनेलला चित्र पोचवते. बहुतेक लॅपटॉपचं पॅनेल स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे बारीक एलईडी दिवे असतात आणि पॅनेल त्यांचा उजेड कुठं अडवायचा, कुठं सोडायचा एवढंच ठरवतं. म्हणजे चित्र ठीक असूनही मागचा दिवा गेला, तरी आपल्याला पडदा काळाच दिसणार.

पहिला प्रश्न, मशीन जिवंत आहे का? चार्जरचा दिवा लागतो का, पंख्याचा आवाज येतो का, ते बघा. मग कॅप्स लॉकचं बटण दोन-तीनदा दाबा. बहुतेक लॅपटॉपला त्यासाठी छोटा दिवा असतो. तो लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे, फक्त बोलू शकत नाही. काहीच लागत नसेल तर आधी दुसऱ्या सॉकेटवर चार्जर लावून पाहा. तरीही काही नाही, तर चार्जर काढा, बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढा, आणि चालू करायचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत अडकून राहिलेली वीज निघून जाते. मग पुन्हा जोडून चालू करा. एवढ्यावरही अनेक लॅपटॉप उठून बसतात.

मशीन जागं आहे पण पडदा काळा आहे, तर आधी ब्राइटनेस वाढवा. वरच्या ओळीत सूर्याचं चित्र असलेलं बटण असतं, काही लॅपटॉपवर त्याच्याबरोबर एफएन दाबावं लागतं. हसू नका, लहान मुलांनी ब्राइटनेस पार खाली नेलेला असतो. दुसरं, लॅपटॉपवर तुमची पर्स ठेवलेली नाही ना? झाकण मिटलं की पडदा बंद करणारा एक सेन्सर असतो आणि तो चुंबकावर चालतो. पर्सचं चुंबकाचं बटण किंवा मोबाइलचं चुंबकाचं कव्हर त्याच्याजवळ आलं की लॅपटॉपला वाटतं झाकण मिटलं.

मग मोबाइलचा टॉर्च घ्या. खोलीत अंधार करा आणि टॉर्च पडद्यावर तिरका धरा. नीट निरखून बघा. अंधूक अक्षरं, चिन्हं दिसली तर चित्र तिथवर पोचतंय, मागचा उजेड तेवढा येत नाही. कारण दिवे, त्यांना वीज देणारा भाग किंवा केबल यांतलं काहीतरी. असं असताना कोणी "मदरबोर्ड बदला" म्हणालं, तर थांबून विचारा, का म्हणून?

माझ्या मते सगळ्यात मोठी परीक्षा टीव्हीची. ती केल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. अनेक सेट-टॉप बॉक्सना एचडीएमआय केबल असते. तीच काढून लॅपटॉपला आणि टीव्हीला लावा, रिमोटवरून टीव्हीचा एचडीएमआय निवडा. चित्र आपोआप आलं नाही तर विंडोजचं बटण धरून पी दाबा, आणखी एकदा पी दाबून एंटर मारा, थोडं थांबा. घरी असा टीव्ही नसेल तर शाळेत असतो. टीव्हीवर स्वच्छ चित्र आलं तर लॅपटॉपचा मेंदू ठीक आहे, बिघाड झाकणाकडे आहे. आणि तेवढ्यात आधी काय करायचं? हिशेबाच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायच्या. बाकीचं सगळं नंतर. टीव्हीवरही त्याच रेघा, तेच विचित्र रंग आले तर बिघाड चित्र तयार होतं तिथंच, खालच्या भागात आहे. मग तो खराब सॉफ्टवेअरचा असेल किंवा मदरबोर्डचा. ते ओळखायला लॅपटॉप चालू होताना पहिल्यांदा कंपनीचं चिन्ह येतं ते बघा. तिथंच रेघा असतील तर बिघाड यंत्रात. तिथं स्वच्छ आणि विंडोज आल्यावरच गडबड, तर बहुधा ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर बिघडलंय, त्यासाठी पार्ट बदलावा लागत नाही.

टीव्हीवर काहीच नाही, पंखा फिरतो पण कॅप्स लॉक हलत नाही, तर रॅमची पट्टी सैल झालेली असू शकते. अनेक लॅपटॉपमध्ये ती काढून, पुसून परत बसवता येते. दुकानाचं काम आहे, पण किरकोळ. अशा वेळी लॅपटॉप टीं-टीं वाजत असेल किंवा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर मोजून लिहून ठेवा. ती त्याची भाषा आहे.

रेघांचं थोडं सांगते. झाकण हळूहळू पुढं-मागं करा. रेघा येतात-जातात, पडदा लुकलुकतो, तर बिजागरीतली केबल घासली किंवा सैल झाली आहे. केबल साधारण स्वस्त असते, पॅनेल महाग. हा फरक लक्षात ठेवा, पैसे तिथंच वाचतात. रेघ एकाच जागी ठाम उभी असेल तर बहुतेक पॅनेलच. शाई सांडल्यासारखा काळा डाग दिसला, तर आतून पॅनेल फुटलं, ते बदलायलाच हवं. कीबोर्डवर पेन राहिलं आणि झाकण मिटलं की हे होतं. पडदा नुसता पिवळट दिसत असेल तर घाबरू नका, "नाइट लाइट" चालू असेल, सेटिंगमध्ये बंद होतं. डेल कंपनीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डी बटण दाबून धरून चालू केलं की पडदा स्वतःची तपासणी करतो. एकामागून एक साधे रंग येतात. ते नीट आले, रेघा-डाग नाहीत, तर पॅनेल चांगलं.

आपल्याकडच्या पावसाचं वेगळं सांगायला हवं. ताम्हिणीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. भातलावणीच्या दिवसांत भिंतींना ओल असते, कपाटाला बुरशी येते, मग लॅपटॉपच्या आत काय होत असेल? भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवू नका. आठवड्यातून दोनदा तरी तासभर चालू ठेवा, त्याच्याच उबेनं ओल निघते. पाणी पडलंच तर लगेच बंद करा, चार्जर काढा, आणि दुकानात दाखवेपर्यंत चालू करून बघायचा मोह आवरा. चुलीजवळ सुकवणं नको. आणि वळवाच्या विजा चमकायला लागल्या की चार्जर भिंतीतून उपसा. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होऊन मुंबईला जाते, आपल्या घरची मात्र ये-जा करते, हे काही नवीन नाही. त्या ये-जा करण्यानं चार्जर आधी मरतो.

दुकानात जाताना एका कागदावर लिहून न्या. टॉर्चमध्ये काय दिसलं, टीव्हीवर काय आलं, झाकण हलवल्यावर काय झालं. कागद बघितला की समोरच्याचं बोलणं बदलतं. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्या केंद्रातच न्या, बाहेर उघडल्यास ती नाकारली जाऊ शकते. कामाआधी खर्च लिहून घ्या, "फॉरमॅट करायचं नाही" हे पावतीवर लिहायला लावा, आणि पार्ट बदलला तर जुना परत मागा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन लावताना पावती हातात असू द्या.