एकच आराखडा, वेग मात्र निराळे

मद्रासच्या माउंट रोडवरचे हॉटेलमालक जाकोमो डी'अँजेलिस यांनी स्वतःच्या आराखड्याचं दुपंखी विमान सिम्पसन कंपनीच्या कारखान्यात बांधून घेतलं आणि मार्च १९१० मध्ये ते उडवलं. चाचणी झाली पल्लावरमला. मग आयलंड ग्राउंडवर मद्रासकरांना पैसे भरून ते पाहायला मिळालं. शतकानंतर वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मुंबईकरांनी डोळे भरून पाहिलं.

अशा एकुलत्या एक विमानाच्या वेगाची तुलना कशाशी करणार? त्यासाठी एकाच साच्यातली विमानं हवीत. ती दिली रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या अमेरिकेतल्या 'व्हॅन्स एअरक्राफ्ट'ने. या कंपनीचे सुटे भाग घरी आणून लोकांनी जोडलेली 'आरव्ही' मालिकेतली अकरा हजारांवर विमानं आजवर उडाली आहेत. त्यांत मॉडेल तेच, इंजिन तेच, उंचीही तीच असताना एक विमान दुसऱ्याला मागे टाकतं.

पहिला संशय इंजिनावर जातो. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. त्यामुळे १६० ऐवजी १८० अश्वशक्तीचं इंजिन बसवलं तर शक्ती साडेबारा टक्के वाढते, वेग मात्र जेमतेम चार टक्के. हवेचा विरोध अकरा टक्क्यांनी कमी केला तरी वेगात तेवढीच भर पडते, आणि तीही जास्त पेट्रोल न जाळता.

हा विरोध बांधणाऱ्याच्या हातून वाढतो किंवा घटतो. चाकांवरची आणि त्यांच्या दांड्यांवरची आवरणं हवेच्या झोताशी तिरकी बसली, की ती स्वतःच अडथळा होतात. इंजिन थंड करायला आत घेतलेली हवा सिलिंडरांच्या पात्यांमधून जाण्याऐवजी रबरी पट्ट्यांच्या फटींतून निसटली, तर गारवा मिळत नाही आणि विरोध तेवढा पदरात पडतो. दोन पंख किंचित वेगळ्या कोनात बसले, तर विमान सरळ ठेवायला एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग, सतत वाकवून धरावं लागतं. प्रोपेलरचंही तसंच: चढाईसाठी निवडलेलं स्थिर कोनाचं प्रोपेलर लांबच्या उड्डाणात मागे पडतं.

मात्र पुष्कळदा फरक विमानात नसतोच, तो मोजण्यात असतो. आरव्हीच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना एकेका पॉप रिव्हेटच्या भोकातून बाहेरचा स्थिर दाब घेतला जातो. त्या रिव्हेटचं फुगीर डोकं मुद्दाम ठेवलेलं आहे. कुणी हौसेनं तिथे पत्र्याशी सपाट बसणारा सुबक भाग लावला, की दाब बदलतो आणि वेगमापक चुकीचा आकडा दाखवू लागतो. शिवाय आठ हजार फुटांवर हवा विरळ असल्यामुळे काट्यावरचा वेग खऱ्या वेगापेक्षा बराच कमी दिसतो. विरळ हवेसाठीची दुरुस्ती आपल्या आकड्यात एकानं केली आणि दुसऱ्यानं केली नाही, तर त्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

यावर साधी तपासणी आहे. शांत हवेत, एकाच उंचीवर आणि एकाच शक्तीवर तीन वेगवेगळ्या दिशांना उडून जीपीएसवरचा वेग टिपायचा. त्यातून वारा वजा करून खरा वेग काढता येतो. विमान बांधणाऱ्यांनी मोठ्या इंजिनाची ऑर्डर देण्याआधी हे करावं. मग चाकांची आवरणं आणि इंजिनाभोवतीच्या फटी तपासाव्यात, आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा वेग मोजावा.