१८० मिलीचा विसावा

डोंबिवलीत पाहुण्यांना दाखवायची ठिकाणं ठरलेली आहेत. फडके रोड, तिथलं गणेश मंदिर, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, दिवाळीच्या पहाटे नवे कुर्ते आणि नऊवाऱ्या मिरवणारी तरुण गर्दी. या सांस्कृतिक नगरीत आणखी एका प्रकारची जागा आहे आणि ती स्टेशनच्या पूर्वेला तशीच पश्चिमेलाही पाच-सात मिनिटांच्या चालीवर सापडते. काळ्या काचेचा दरवाजा, आत पिवळट उजेड, वर 'परमिट रूम' अशी पाटी आणि ज्याला कळायचं त्याला कळावं म्हणून शेजारी 'क्वार्टर सिस्टीम'. हजारो लोक ती पाटी रोज वाचतात आणि वाचलीच नाही असं दाखवून पुढे जातात.

एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी शहरातल्या दुर्लक्षित जागांवर लिहायला सांगितलं. त्यांच्या मनात बहुधा रात्रशाळा, जुनी पिठाची गिरणी असं काही असावं. मी परमिट रूमचं नाव घेतल्यावर फोनवर थोडी शांतता पसरली. मग म्हणाले, "लिहा. पण उदात्तीकरण नको."

अधिकृत इतिहास थोडक्यात उरकता येतो. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून संपूर्ण दारूबंदी आली. मग गावठीच्या भट्ट्या आणि आंटीचे अड्डे असे फोफावले की कुणाला आवरेनात. साठच्या दशकात आणि पुन्हा सत्तरीच्या सुरुवातीला बंधनं सैल झाली, कायदा मात्र रद्द झाला नाही. महाराष्ट्रात आजही दारू विकली जाते ती दारूबंदी कायद्याखालीच. या कायद्याप्रमाणे पिणाऱ्यालाही परवाना लागतो: विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा ५ रुपयांचा, देशीसाठी २ रुपयांचा. बिअर आणि वाईनसाठी वय २१ पूर्ण हवं, बाकी सगळ्यासाठी २५. वाईन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांचे नवे परवाने देणं सरकारने १९७४ पासून थांबवलं. बसून प्यायची सोय असलेली हॉटेलं, एक्साइजच्या भाषेत 'एफएल तीन', वाढत राहिली. गिरगाव-दादरच्या चाळींतून मराठी नोकरदार डोंबिवलीला आले, एमआयडीसीत कारखाने उभे राहिले आणि उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टींनी इडली-डोशाच्या हॉटेलांच्या जोडीने परमिट रूम थाटल्या.

मी ज्या परमिट रूममध्ये जाऊन बसत होते ती पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. सनमायकाची टेबलं, भिंतीला टेकलेले बाक, गल्ल्यामागे देवाची तसबीर आणि तिच्यावर लाल दिवा, कोपऱ्यात आवाज बंद केलेला टीव्ही. आत शिरताच वेटर लगबगीने पुढे आला. "मॅडम, फॅमिली वर आहे. एसी." मी खालीच बसणार म्हटल्यावर त्याने मला गल्ल्याजवळचं टेबल दिलं आणि शेजारच्या टेबलावरच्या चौघांकडे एकदा रोखून पाहिलं. त्या चौघांचा आवाज तेवढ्याने खाली आला.

या वेटरपाशीच माझा लेख अडकला. पन्नाशी ओलांडलेला, कारकळकडचा, घरी तुळू आणि इथे मराठी-हिंदी बोलणारा. गिऱ्हाईकं त्याला अण्णा म्हणतात, मालकाला शेठ. अण्णा ऑर्डर लिहीत नाही. नेहमीच्या माणसाला तो काय घेणार हेही विचारत नाही. दरवाजा ढकलून माणूस आत येऊन बसेपर्यंत त्याचा ब्रँड, त्याचा सोडा किंवा साधं पाणी आणि फुकटच्या चकण्याची बशी टेबलावर पोचलेली असते. त्यातही फरक आहेत: एकाला शेंगदाणे चालत नाहीत म्हणून उकडलेले चणे, दुसऱ्याला चण्यावर कांदा नको. कोण रम पितो, कोण व्हिस्की, कोण महिनाअखेरीला एक पायरी खालच्या ब्रँडवर उतरतो, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. पंचवीस तारखेनंतर ती खालची बाटली तो आपणहून आणतो, काही न बोलता. गिऱ्हाइकाला आपल्या तोंडाने स्वस्तातली मागावी लागत नाही.

त्याच्या संध्याकाळचं वेळापत्रक मध्य रेल्वे ठरवते. बार सुटा सुटा भरत नाही, लाटेने भरतो. फास्ट लोकल आली की दहा मिनिटांत सहा-सात जण आत येतात, मग शांतता, मग पुढची गाडी. अण्णा माणसांना गाड्यांवरून ओळखतो. ठरलेल्या गाडीचे लोक आले नाहीत की तो शेठला म्हणतो, "गाडी लेट आहे." मोबाइल बघायची त्याला गरज पडत नाही. तासाभराहून जास्त वेळ डब्यात उभं राहून आलेला माणूस बाकावर टेकतो, बॅग मांडीवरून खाली ठेवतो आणि काही वेळ नुसता बसतो. ऑफिसात साहेब, गाडीत धक्के, घरी हप्ते आणि मुलांचे क्लास. मधला हा पाऊणएक तास त्याला कुणी काही विचारत नाही. जपानात रेल्वे स्टेशनांलगत उभ्याने पिण्याचे चिंचोळे बार असतात, तेही नोकरदारांच्या याच मधल्या वेळावर चालतात. लांबच्या लोकलची शहरं अशा जागा स्वतःहून घडवतात.

माझी नजर पुनःपुन्हा जात होती ती मात्र बाटलीकडे. क्वार्टर म्हणजे १८० मिली. मोठ्या बारमध्ये ७५० मिलीच्या बाटलीतून पेग ओततात. पेग काउंटरवर भरला जातो आणि माप बरोबर होतं का, बाटलीत त्याच ब्रँडची दारू होती का, असा संशय गिऱ्हाइकाच्या मनात राहतो. क्वार्टर सिस्टीमने हा संशय मुळातच संपवला. सीलबंद बाटली टेबलावर येते, अण्णा ती गिऱ्हाइकासमोर धरतो, लेबल दाखवतो आणि झाकण पिळतो. सील तुटल्याचा आवाज दोघांनीही ऐकलेला असतो. १८० मिलीचे ६०चे तीन होतात, ३०चे सहा, आणि दोघांत वाटली तर प्रत्येकी नाइन्टी. मापाचा पेला लागतच नाही. किती घ्यायची, किती पातळ करायची, किती वेळ पुरवायची, हे ज्याचं त्याच्या हातात.

रिकामी बाटली टेबलावरून उचलायची नाही, हा इथला पक्का नियम. शेवटी त्याच मोजून बिल होतं, त्यामुळे भांडण होत नाही. शेठचं कामही सोपं होतं, कारण एक्साइजच्या रजिस्टरमध्ये ब्रँडप्रमाणे रोजची शिल्लक लिहावी लागते आणि मिलीलिटरच्या हिशेबापेक्षा बाटल्या मोजणं सोपं. पण उभ्या राहिलेल्या त्या बाटल्यांचा आणखी एक उपयोग अण्णाने मला सांगितला: पिणाऱ्यालाही दिसतं, किती झाली. दुसरी संपत आली आणि माणूस "रिपीट" म्हणाला की अण्णा आधी बाटल्यांकडे पाहतो, मग माणसाकडे. काहींना तो तिसरी आणतो. काहींना भात आणून देतो. त्यावर कुणी हुज्जत घातली तर शेठ गल्ल्यावरून मान हलवतो, तो विषय तिथे संपतो.

इथवर लिहिलं आणि संपादकांची सूचना आठवली. खालच्या हॉलमध्ये मी एकटीच बाई होते. पाऊणएक तास कुणी काही विचारत नाही, हे सुख पुरुषांचं आहे. त्याच फास्ट लोकलने येणारी बाई स्टेशनवर उतरते ती भाजी घेऊन घर गाठायला. तिच्या विसाव्याची जागा या शहराने कुठे ठेवलेली मला दिसली नाही. क्वार्टरचे पैसे ज्या खिशातून जातात, त्यातूनच किराणा येतो. आणि अण्णाची नजर सगळ्यांना थांबवत नाही. टोकाच्या टेबलावर एक गृहस्थ बसतात, दुपारपासून. त्यांच्याबद्दल विचारलं तर तो फडकं घेऊन दुसरीकडे निघून गेला.

आता ही जागा टिकणार का, हा प्रश्न शेठ रोज विचारतो आणि त्याचं उत्तर आकड्यांत आहे. पहिलं संकट करांचं: जून २०२५मध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पट केलं. १८० मिलीचे किमान भाव ठरले: देशी ८० रुपये, नव्याने काढलेलं 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८, भारतीय बनावटीचं विदेशी मद्य २०५, उंची विदेशी ३६०. बारवाल्यांवर याआधीच व्हॅट ५ टक्क्यांवरून १० वर गेला होता, परवाना शुल्कही १५ टक्क्यांनी वाढलं होतं. १४ जुलै २०२५ रोजी हॉटेल-बारमालकांच्या 'आहार' या संघटनेच्या हाकेला ओ देऊन राज्यभरातले बार एक दिवस बंद राहिले. मोठ्या बारला ही वाढ कॉकटेलच्या भावात मुरवता येते. क्वार्टर बारचं गिऱ्हाईक दहा-वीस रुपयांच्या फरकाने हलतं.

ते हलतं कुठे? पहिली वाट वाईन शॉपची. तिथे हा व्हॅट नाही, बसायला जागा लागत नाही, अण्णाचा पगार नाही, पंख्याचं बिल नाही. काळ्या पिशवीतली क्वार्टर घेऊन माणूस उभ्या टेम्पोंच्या आडोशाला, खाडीकाठी किंवा स्वतःच्याच इमारतीच्या गच्चीवर जातो. उघड्यावर पिणं गुन्हा आहे, म्हणून तो घाईने पितो. तिथे दुसऱ्या बाटलीनंतर भात आणून देणारं कुणी नसतं. दुसरी वाट देशीच्या दुकानाची. देशी आणि विदेशी, दोन्ही बाटल्यांतल्या दारूची ताकद सारखीच, ४२.८ टक्के. किमान भावातला फरक १२५ रुपयांचा. तिथे बहुतेक जण उभ्यानेच घशाखाली ढकलतात आणि निघतात. तिसरी वाट आणखी खालची आहे. विक्रोळीत डिसेंबर २००४मध्ये आणि मालवणीत जून २०१५मध्ये विषारी गावठीने माणसं मेली. मालवणीत तर शंभराहून अधिक. त्या दारूत मिथेनॉल होतं आणि पिणारे हातावर पोट असलेले होते. सीलबंद बाटलीचा भाव जितका वर जातो, तितकी त्या धंद्याला जागा होते.

दुसरं संकट इमारतीचं आहे. डोंबिवलीतल्या जुन्या दोन-तीन मजली इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. तळमजल्याचा गाळा गेला की परवाना हातात राहतो पण जागा राहत नाही. नवी जागा शाळा-देवळांपासून नियमातल्या अंतरावर हवी आणि स्टेशनजवळही हवी. अशा जागेचं आजचं भाडं २०५ रुपयांच्या क्वार्टरवर सुटत नाही. नव्या सोसायटीला तर खाली दारू नकोच असते. मार्च २०२५मध्ये सरकारने विधानसभेत जाहीर केलं की सोसायटीच्या गाळ्यात नवी बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायला सोसायटीचं ना हरकत पत्र सक्तीचं राहील. रहिवाशांची बाजू मला समजते. माझ्या जिन्याखाली मलाही ते चालणार नाही.

तिसरं संकट मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला ते संकट वाटत नाही. महाराष्ट्रात 'उभी बाटली, आडवी बाटली' असं मतदान होतं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतलं जातं. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान चालू, आडव्या बाटलीवर म्हणजे बंद. अट कठीण ठेवली होती: नोंदणी झालेल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा शिक्का आडव्या बाटलीवर पडायला हवा. तरीही अनेक गावांतल्या बायकांनी ती पूर्ण करून दुकानांना टाळं लावलं.

शेठला मी या मतदानाबद्दल विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "आल्या तर त्यांचा हक्क आहे." मग त्याने कॅलक्युलेटर पुढे ओढून व्हॅटचा हिशेब मला पुन्हा समजावला.

माझं मत मतदान आणि व्हॅटचा हिशेब या दोन गोष्टींच्या मधे ठरलं. ही परमिट रूम बंद व्हायची असेल, तर तिची खरी किंमत ज्यांनी घरी मोजली त्या बायकांनी शिक्का मारून ती बंद करावी. त्यात निर्णय उघड असतो आणि जबाबदारीही. आज मात्र ती बंद पडते आहे ती तिजोरीच्या गरजेने आणि गाळ्याच्या भाड्याने, आणि त्यातून एकही माणूस पिणं सोडत नाही. तो फक्त बाकावरून उठून गच्चीवर जातो. राज्याला शुल्क मिळत राहतं, रस्त्यावरून एक नकोशी पाटी जाते, आणि माणसाच्या पिण्यावर नजर ठेवणारा जो एकमेव पगारी माणूस या साखळीत होता, त्याची नोकरी जाते. संपादकांना लेख पाठवताना मी लिहिलं की उदात्तीकरण केलेलं नाही, पण अण्णाची बाजू घेतली आहे.