प्रौढांची शिकण्याची ऊर्मी टिकते कशी?

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनाचे औचित्य साधून, एक आगळी शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर अडकवून वर्गात येऊन बसल्या. 'आजीबाईंच्या शाळे'ची छायाचित्रे देशभर पोहोचली आणि गणवेशाचे कौतुक झाले. प्रौढशिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब मात्र निराळी होती. या आजींना पोथी स्वत: वाचायची होती. तशी इच्छा त्यांनी गावातील शिक्षक योगेंद्र बांगर यांच्यापाशी बोलून दाखवली आणि त्यातून शाळा उभी राहिली. वर्ग भरला तो घरकाम आटोपल्यानंतर, दुपारी. उद्दिष्ट शिकणाऱ्यांचे होते आणि वेळही त्यांच्याच सोयीची होती.

साक्षरता वर्ग असो, रात्रशाळा असो वा संगणकाचा अभ्यासक्रम, प्रौढांच्या बाबतीत एक अनुभव वारंवार येतो. पहिल्या आठवड्यात वर्ग भरलेला असतो. महिनाभरात बाके रिकामी होऊ लागतात. 'यांना शिकायचेच नाही', असा निष्कर्ष मग सहज काढला जातो. परंतु दिवसभर राबून जो संध्याकाळी वर्गापर्यंत पोहोचला, त्याच्या ठायी इच्छा नव्हती असे म्हणता येत नाही. ती होती, पुढे कुठेतरी ती मावळली.

मुलांपेक्षा वेगळे काय?

मुलांच्या मागे पालकांचा आग्रह आणि परीक्षेचा धाक असतो. प्रौढांना असे हाकणारे कोणी नसते. रोजगार, संसार आणि झोप यांतून वेळ काढून ते येतात. 'याचा मला उपयोग काय', हा प्रश्न त्यांच्या मनात सतत जागा असतो. प्रौढ विद्यार्थी आयुष्याचा अनुभव घेऊन येतो आणि शिकलेले लगेच वापरू इच्छितो, हा मुद्दा अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७०च्या दशकात आग्रहाने मांडला. याशिवाय चारचौघांत चुकण्याची लाज मुलांपेक्षा प्रौढांना अधिक बोचते.

तीन मूलभूत गरजा

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतानुसार स्वयंप्रेरणा तीन गरजांवर पोसली जाते. निर्णय आपला असावा, ही स्वायत्ततेची गरज. आपल्याला जमते आहे, ही सक्षमतेची. आणि आपण या लोकांतले आहोत, ही आपलेपणाची. डेसी यांनी १९७१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. कोडी सोडवण्याचे पैसे ज्यांना दिले गेले, त्यांचा कोड्यांतील रस पैसे थांबताच कमी झाला. मनापासून दिलेल्या शाबासकीने मात्र तो टिकला. याचा अर्थ भेटवस्तू आणि प्रमाणपत्रे माणसाला वर्गापर्यंत आणू शकतील; तेथे टिकवून ठेवण्यास त्या पुरेशा नाहीत.

शिकवणाऱ्याने काय करावे?

ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांनी अक्षरओळखीसाठी बालवाचनमाला बाजूला ठेवली आणि 'वीट' यांसारखे कष्टकऱ्यांच्या रोजच्या जगण्यातील शब्द निवडले. १९६३ मध्ये अंजिकोस येथे सुमारे ३०० कामगारांसाठी त्यांनी याच पद्धतीचा वर्ग चालवला. हे सूत्र येथेही लागू पडते. बसची पाटी, विजेचे बिल, शिधापत्रिका, औषधाच्या पाकिटावरील मुदत आणि स्वत:ची सही हीच पहिली पाठ्यपुस्तके ठरू शकतात.

काही पथ्ये साधी आहेत:

- 'काय वाचता यावे असे वाटते', हे पहिल्याच दिवशी विचारावे आणि तेथूनच सुरुवात करावी.
- आठवडाभरात साध्य होईल असे छोटे उद्दिष्ट ठेवावे.
- चूक सर्वांसमक्ष दाखवू नये.
- गैरहजर व्यक्तीची चौकशी करावी. जाब विचारू नये.

केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी हाती घेतलेला 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असून त्याचा भर स्वयंसेवकांवर आहे. साहजिकच शिकवणारा हा बहुधा प्रशिक्षित शिक्षक नसतो. तो विद्यार्थी, शेजारी किंवा घरातलाच कोणी असतो. त्यामुळे ही पथ्ये त्यालाही ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शहरी घरांत हा वर्ग नकळत रोजच भरतो. आई मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकत असते. ती एकदा अडखळते आणि 'दे, मी करतो' म्हणत मुलगा फोन काढून घेतो. काम झटकन होते, पण पुढच्या वेळी ती विचारतच नाही. फोन तिच्याच हाती राहू दिला, तर कदाचित दहा मिनिटे अधिक लागतील. परंतु त्यानंतरचा व्यवहार तिचा ती करू शकेल.