रात्र निभावून नेणारी भिंत

लेहमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे 20 अंशांपर्यंत उतरतो. सकाळी नळ गोठलेले असतात, पाटांवर बर्फ धरलेला असतो आणि शेतातली माती कुदळीला दाद देत नाही. त्याच सकाळी एखाद्या घराशेजारच्या मातीच्या बुटक्या खोलीत पालक, कोथिंबीर आणि लसणाची पात तरारून उभी असते. या खोलीत शेगडी नसते, हीटर नसतो. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या तीन बाजूंना जाड भिंती, दक्षिणेला पॉलिथीनचा कागद, एवढाच तिचा संसार. लडाखचे हे सौर हरितगृह म्हणजे कमीत कमी साधनांत केलेल्या विचारी बांधकामाचा उत्तम नमुना आहे.

लेहची उंची सुमारे 3,500 मीटर. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाणी. उघड्यावर पीक घेता येते ते साधारण मे ते सप्टेंबर. पुढे जोजी ला आणि मनालीच्या वाटेवरच्या खिंडी बर्फाने बंद व्हायच्या आणि ट्रक थांबायचे. घरोघरी वाळवलेल्या भाज्या आणि जमिनीत खड्डा करून साठवलेले बटाटे, मुळे, सलगम यांवर हिवाळा निघायचा. विमानाने भाजी येई, पण तिचा भाव सामान्य घराला परवडणारा नसे. सैन्यालाही हीच अडचण होती. 1962 साली लेहमध्ये संरक्षण संशोधन संस्थेची प्रयोगशाळा उभी राहिली, तिच्या कामात उंचावरची भाजीपाला लागवड महत्त्वाची ठरली. आज ती ‘दिहार’ या नावाने ओळखली जाते. चर खणून त्यावर कागद ताणण्याची स्वस्त पद्धतही इथे रुजली. जमिनीची ऊब धरून ठेवणारी ही युक्ती आजही अनेक गावांत दिसते.

लडाखमध्ये ऊन ही दुर्मीळ गोष्ट नाही. हवा विरळ, आकाश निरभ्र, वर्षातले सुमारे तीनशे दिवस सूर्य दिसतो. भर हिवाळ्यातही बंद हरितगृह दुपारी इतके तापते की झरोके उघडावे लागतात. खरा प्रश्न सूर्य मावळल्यावर सुरू होतो. चारही बाजूंनी नुसता कागद असलेला बोगदा दिवसभर कमावलेली उष्णता संध्याकाळनंतर भराभर गमावतो, कारण पातळ कागद उष्णतेला फारसा अडवत नाही. म्हणून लडाखच्या कारागिरांनी आणि अभियंत्यांनी सगळे लक्ष रात्रीवर केंद्रित केले.

पहिली गोष्ट दिशेची. हरितगृह पूर्व-पश्चिम लांब असते, म्हणजे दक्षिणेचा मोठा चेहरा सूर्याकडे राहतो. लेह सुमारे 34 अक्षांशावर आहे. 21-22 डिसेंबरला तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण साडेबत्तीस अंशच वर येतो. इतके तिरपे ऊन आत घ्यायचे तर कागदही चांगला उभट हवा. उत्तरेच्या भिंतीवरचे मातीचे छप्पर दक्षिणेकडे सुमारे 35 अंशांत वर चढत जाते. ऊन या चढापेक्षा तिरपे असल्यामुळे हिवाळ्यातल्या दुपारी ते छपराला न अडता थेट मागच्या भिंतीवर पोचते. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा तेच छप्पर भिंतीला सावली देते. आतून काळी रंगवलेली ही भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री सावकाश परत करते.

दुसरी गोष्ट भिंतीच्या पोटातली. ही भिंत एक नसते, दोन असतात. वाळवलेल्या मातीच्या विटांची बाहेरची भिंत छपराचा भार घेते. आतली भिंत उष्णता साठवते. दोन्हींमध्ये सुमारे दहा सेंटिमीटरची पोकळी सोडतात आणि तिच्यात पेंढा, भुसा किंवा रानातली वाळकी झुडपे भरतात. रचाईचा एकेक थर चढेल तसे हे भरण हाताने दाबत जायचे. फार दाबले तर आतली हवा जाते आणि भरणाचा उपयोग कमी होतो. सैल ठेवले तर ते खाली बसते आणि वर रिकामी फट राहते. भरण ओले असेल तर कुजते. अभियंत्याच्या आराखड्यात ही पोकळी दोन समांतर रेघांची असते, पण तिचे यश गवंड्याच्या बोटांवर ठरते. छपराला पॉपलरचे वासे, त्यावर विलोच्या काटक्या, मग गवताचा थर आणि शेवटी मर्कलाक ही चिकण माती. मराठवाड्यातल्या माळवदावर पांढरी माती अंथरतात, त्याच जातीची ही समज आहे.

संध्याकाळी, ऊन उतरण्याआधीच, कागदाच्या आतून कापडी पडदा ओढतात आणि सकाळी ऊन आले की सरकवतात. पडदा उशिरा ओढला तर साठवलेली ऊब निघून जाते, उशिरा उघडला तर पिकाचा प्रकाश बुडतो. दुपारी झरोके उघडून दमट हवा बाहेर काढावी लागते, नाहीतर बुरशी आणि मावा यांचे फावते. ओढ्याचे बर्फाळ पाणी थेट वाफ्यात सोडले तर मुळे गारठतात, म्हणून पाण्याचे पिंप आतच ठेवणे चांगले. बहुतेक घरांत ही सगळी राखण बायका करतात. हिवाळ्यात पालेभाज्या, वसंतात शेतासाठी रोपे, उन्हाळ्यात टोमॅटो आणि काकडी असा फेरा धरला की हरितगृह वर्षभर रिकामे राहत नाही. घरापुरते निघून उरेल ती भाजी शेजारी किंवा बाजारात जाते आणि तो पैसा बाईच्या हातात येतो.

तळेगावच्या किंवा नाशिकच्या पॉलिहाऊसमध्ये वावरलेल्या शेतकऱ्याला हे सगळे उलटे वाटेल. आपल्याकडे धडपड असते ती वारा खेळवण्याची, सावलीच्या जाळीची, फॉगरने गारवा आणण्याची. लडाखमध्ये तोच कागद शेवटच्या उरलेल्या अंशाची राखण करतो. साहित्य सारखे असले तरी बांधकाम हवामानाने ठरवायचे असते. एका प्रदेशाचा नकाशा दुसऱ्या प्रदेशात जसाच्या तसा उभारला की पैसा वाया जातो.

हा आराखडा गावोगावी नेण्यात जेरेस या फ्रेंच संस्थेचा आणि तिच्यासोबत काम करणाऱ्या लडाखी संस्थांचा वाटा मोठा आहे. या कामाला 2009 साली ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. घरगुती हरितगृह साडेचार-पाच मीटर रुंद आणि दहा मीटरांच्या आसपास लांब असते, विक्रीसाठीचे त्याहून बरेच लांब. रचना अशी होती की विटा, लाकूड, भरण आणि मजुरी मालकाने घालायची. अतिनील किरणांना टिकणारा कागद आणि तशाच बाहेरून आणाव्या लागणाऱ्या वस्तूंसाठी संस्थेची मदत मिळायची. त्याचबरोबर गावातले गवंडी आणि सुतार तयार केले गेले. फे गावातल्या सेकमॉलने, 1988 साली लडाखी तरुणांनी सुरू केलेल्या संस्थेने, हाच विचार घरात आणला. तिथे हिवाळ्यात इमारतीच्या दक्षिण बाजूला कागद ताणतात, आत भाजी पिकते आणि मागच्या खोल्याही उबदार होतात. उन्हाळ्यात तो कागद काढून ठेवतात.

आता रस्ते पूर्वीपेक्षा जास्त काळ उघडे राहतात, बोगदेही होत आहेत. म्हणून हरितगृहांची गरज संपेल असे मला वाटत नाही. ट्रकमधून आलेली भाजी दूरच्या बाजाराच्या भावावर आणि खिंडीतल्या हवामानावर अवलंबून असते. घराशेजारची भाजी घरच्यांच्या कष्टावर अवलंबून असते आणि ते कष्ट त्यांच्या हातात असतात. मात्र अशी योजना राबवताना किती कागद वाटला एवढेच मोजून भागणार नाही. कागद काही वर्षांनी फाटतोच, तो बदलता येतो. दिशा चुकलेली आणि पोकळीत भरण नसलेली भिंत मात्र उभ्या आयुष्यात दुरुस्त होत नाही. म्हणून थंड प्रदेशात हरितगृहासाठी पैसा मंजूर करणाऱ्याने आधी गवंड्याच्या प्रशिक्षणाची आणि भिंतीच्या भरणाची तजवीज करावी, कागदाची खरेदी त्यानंतर.