वॉरक्राफ्ट ३: रिफोर्ज्ड

वॉरक्राफ्ट ३: रिफोर्ज्ड हा ब्लिझार्ड एंटरटेनमेंट या अमेरिकन कंपनीने २८ जानेवारी २०२० रोजी विंडोज व मॅकओएस या प्रणालींसाठी प्रकाशित केलेला व्यूहरचनाप्रधान व्हिडिओ गेम आहे. २००२ सालचा वॉरक्राफ्ट ३: रेन ऑफ केऑस आणि त्याचा २००३ सालचा विस्तार द फ्रोझन थ्रोन यांची ही पुनर्निर्मिती होय. घोषणेच्या वेळी चाहत्यांनी या खेळाचे उत्साहाने स्वागत केले. मात्र प्रकाशनानंतर त्यावर तीव्र टीका झाली. जुन्या खेळाचे नूतनीकरण करताना काय बदलावे, काय जपावे आणि नवी आवृत्ती आल्यावर जुन्या आवृत्तीचे काय करावे, या प्रश्नांच्या चर्चेत रिफोर्ज्डचे उदाहरण वारंवार दिले जाते.

मूळ खेळ

वॉरक्राफ्ट ३ हा 'रिअल-टाइम स्ट्रॅटेजी' प्रकारातील खेळ आहे. या प्रकारात बुद्धिबळाप्रमाणे आळीपाळीने चाली नसतात. सर्व खेळाडू एकाच वेळी संसाधने गोळा करतात, तळ उभारतात आणि सैन्य लढवतात. मानव, ऑर्क, अनडेड आणि नाइट एल्फ असे चार पक्ष या खेळात असून प्रत्येकाची बांधणी व युद्धपद्धती निराळी आहे. लढायांतून अनुभव मिळवून बलवान होत जाणारे 'नायक' हे या खेळाचे वैशिष्ट्य ठरले. राजपुत्र आर्थस याच्या अधःपतनाची कथा एकट्याने खेळण्याच्या मोहिमांचा कणा आहे. २००४ साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाने हेच कथाविश्व पुढे नेले.

खेळासोबत 'वर्ल्ड एडिटर' हे साधन दिलेले होते. त्याच्या साहाय्याने खेळाडूंना स्वतःचे नकाशे, नियम आणि संपूर्ण नवे खेळ रचता येत. 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स' अर्थात डोटा हा अशाच एका नकाशातून वाढलेला खेळ असून लीग ऑफ लेजंड्स (२००९) आणि डोटा २ (२०१३) या लोकप्रिय खेळांचे मूळ त्यात आहे. त्यामुळे अनेक खेळाडूंच्या दृष्टीने वॉरक्राफ्ट ३ ही कंपनीची निर्मिती होती, तशीच त्यांनी स्वतः अनेक वर्षे घडवलेली गोष्टही होती.

घोषणा आणि अपेक्षा

२ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे भरलेल्या ब्लिझकॉन मेळाव्यात रिफोर्ज्डची घोषणा झाली. नव्याने घडवलेली पात्रे आणि चार तासांहून अधिक लांबीची नव्याने रचलेली कथादृश्ये देण्याचे आश्वासन कंपनीने दिले. स्ट्रॅथोम नगरीच्या संहाराचा प्रसंग नव्या रूपात दाखवण्यात आला. त्यातील कॅमेऱ्याची मांडणी मूळ खेळाहून बरीच वेगळी आणि चित्रपटासारखी होती. जेना आणि सिल्व्हानस या पात्रांना कथेत अधिक वाव मिळेल, असेही सांगण्यात आले.

एक वर्ष आधी, ऑगस्ट २०१७ मध्ये, याच कंपनीने १९९८ सालच्या स्टारक्राफ्टची 'रीमास्टर' आवृत्ती आणली होती. रीमास्टर करताना खेळाचे नियम तसेच ठेवून चित्रे व ध्वनी सुधारले जातात. पुनर्निर्मितीत खेळाचे बरेच भाग नव्याने घडवले जातात. स्टारक्राफ्टच्या बाबतीत नियमांना हात लावला गेला नव्हता आणि जुन्या चित्रांसह मूळ खेळ मोफत उपलब्ध करून देण्यात आला होता. या अनुभवामुळे रिफोर्ज्डविषयीचा विश्वास वाढला होता. शिवाय 'पुनर्निर्मिती' या शब्दामुळे स्टारक्राफ्टहून अधिक काही मिळेल, अशी अपेक्षा निर्माण झाली.

चाहत्यांच्या चिंता

चाहत्यांच्या शंका मुख्यतः तीन प्रकारच्या होत्या.

पहिली शंका कथेविषयी होती. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टशी मेळ बसावा म्हणून जुन्या कथेत फेरफार केले जातील, अशी भीती होती. चाहत्यांच्या प्रतिक्रियांनंतर २०१९ साली कंपनीने कथा व मूळ संवादध्वनी बहुतांशी तसेच ठेवण्याचा निर्णय जाहीर केला.

दुसरी शंका चित्रांविषयी होती. या खेळात रणभूमी वरून दिसते आणि गर्दीच्या लढाईत सैनिक कोणत्या प्रकारचा आहे हे क्षणार्धात ओळखावे लागते. मूळ खेळातील ठळक, काहीशा अतिशयोक्त आकृत्या त्यासाठी सोयीच्या होत्या. बारीक तपशिलांच्या नव्या आकृत्या जवळून सुंदर दिसत असल्या, तरी दुरून त्या एकमेकींत मिसळून जातात, असा आक्षेप स्पर्धात्मक खेळाडूंनी घेतला.

तिसरी शंका सातत्याविषयी होती. जुने नकाशे नव्या आवृत्तीत चालतील का आणि जुन्या व नव्या आवृत्तीचे खेळाडू एकमेकांशी खेळू शकतील का, असे प्रश्न विचारले जात होते. दोन्ही प्रकारची चित्रे वापरणारे खेळाडू एकाच सामन्यात खेळू शकतील, असे कंपनीने स्पष्ट केले होते.

प्रकाशन आणि प्रतिक्रिया

२०१९ साली अपेक्षित असलेला हा खेळ जानेवारी २०२० मध्ये आला. बहुतेक कथादृश्यांत जुनीच कॅमेरा-मांडणी कायम होती आणि स्ट्रॅथोमच्या प्रसंगात दाखवलेले रूप अंतिम खेळात दिसले नाही. मानांकनाची स्पर्धा, खेळाडूंचे संघ अर्थात 'क्लॅन' आणि खेळाडूंनी रचलेल्या मोहिमा खेळण्याची सोय या जुन्या खेळातील गोष्टी प्रकाशनाच्या वेळी उपलब्ध नव्हत्या.

नाराजीचे आणखी एक कारण होते. ज्यांनी रिफोर्ज्ड विकत घेतला नव्हता, त्यांनाही बॅटल.नेट या कंपनीच्या सेवेवर खेळण्यासाठी नवा प्रोग्राम उतरवून घ्यावा लागला. चित्रे जुनीच राहिली, तरी जुन्या सोयी त्यांच्याकडूनही गेल्या. नवी आवृत्ती न आवडल्यास जुन्या आवृत्तीकडे परतण्याचा अधिकृत ऑनलाइन मार्ग उरला नाही.

मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर समीक्षकांचे सरासरी गुण १०० पैकी ६० च्या आसपास होते, तर वापरकर्त्यांचे गुण १० पैकी १ च्याही खाली गेले. फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने मागणी करणाऱ्या ग्राहकांना पैसे परत देण्याची व्यवस्था केली.

नकाशांच्या मालकीचा प्रश्न

रिफोर्ज्डसोबत लागू झालेल्या नव्या अटींनुसार खेळाडूंनी रचलेल्या नकाशांची मालकी ब्लिझार्डकडे राहते. डोटाचा इतिहास या अटींच्या मुळाशी असल्याचे सामान्यतः मानले जाते. 'डोटा' हे नाव व्हॉल्व्ह या कंपनीने वापरण्यावरून दोन्ही कंपन्यांत वाद झाला होता. मे २०१२ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार नावाचा व्यावसायिक वापर व्हॉल्व्हकडे गेला. नव्या अटींमुळे पुढचा डोटा या खेळात जन्माला येणे कठीण होईल, अशी टीका नकाशाकारांनी केली.

कारणमीमांसा

जुलै २०२१ मध्ये ब्लूमबर्गने प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार या प्रकल्पाची व्याप्ती आणि त्यासाठी उपलब्ध असलेली माणसे व पैसा यांत मोठी तफावत होती. खेळाचे स्वरूप नेमके काय असावे, याबाबतही अंतर्गत एकवाक्यता नव्हती. आगाऊ विक्री झालेली असल्याने प्रकाशन आणखी पुढे ढकलणे अवघड झाले. जुने खेळ सांभाळणारा कंपनीचा विभाग २०२० साली बंद करण्यात आला.

समकालीन खेळांशी तुलना

नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेल्या एज ऑफ एम्पायर्स २: डेफिनिटिव्ह एडिशनचे चाहत्यांनी स्वागत केले. ती घडवणाऱ्यांत फरगॉटन एम्पायर्स या गटाचा सहभाग होता. या गटाची सुरुवातच चाहत्यांनी रचलेल्या विस्तारातून झाली होती. जून २०२० मध्ये कमांड अँड कॉन्करची रीमास्टर आवृत्ती आली. तिच्या निर्मितीत चाहत्यांच्या सल्लागार मंडळाचा सहभाग होता. एकट्याने खेळताना एक कळ दाबून जुनी व नवी चित्रे बदलता येत आणि खेळाच्या मूळ संगणकीय संहितेचा काही भागही खुला करण्यात आला. या दोन्ही उदाहरणांत चाहत्यांचा अनुभव निर्मितीच्या प्रक्रियेत सामील करून घेतलेला दिसतो.

पुढील काळ

मानांकनाची अधिकृत व्यवस्था नसल्याच्या काळात चाहत्यांनी डब्ल्यू३चॅम्पियन्स ही स्वतंत्र स्पर्धा-व्यवस्था उभारली आणि स्पर्धात्मक खेळ चालू ठेवला. अधिकृत मानांकन २०२२ साली परतले. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, वॉरक्राफ्ट मालिकेच्या तिसाव्या वर्षानिमित्त, पहिल्या दोन वॉरक्राफ्ट खेळांच्या रीमास्टर आवृत्त्यांसोबत रिफोर्ज्डची २.० ही सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. मूळ २००२ सालच्या चित्रांचे अधिक स्पष्ट रूप निवडण्याची सोय तीत देण्यात आली.